विश्लेषण : संगणकातील ‘नियम’ आणि ‘नोंदी’ एकाच कप्प्यात का ठेवू नयेत?

पावसाचा भरवसा नसलेल्या जत तालुक्यात अनेक घरांचा बाजारहाट दुधाच्या बिलावर चालतो. गावच्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येते, वजन होते, फॅट आणि एसएनएफ मोजले जाते आणि संगणकातून पावती निघते. त्या पावतीवरचा रुपयांचा आकडा दोन ठिकाणांहून आलेल्या माहितीतून तयार होतो. किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, ही त्या वेळची नोंद. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला दर काय, त्याच्या वर-खाली एकेका पॉइंटला वाढ किती आणि कपात किती, हा वर ठरलेला नियम. नोंद प्रत्येक सभासदागणिक नवी होते. नियम दरपत्रक बदलेल तेव्हाच बदलतो.

समजा, हा संगणक बिल निघण्याच्या दोन दिवस आधी बंद पडला आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने मागच्या महिन्यात काढून ठेवलेली प्रत परत चढवली. नियम आणि नोंदी एकाच फाइलमध्ये असतील तर दोन्ही मागच्या महिन्यात जातात. दर जुना लागतो आणि मधल्या दिवसांचे दूध गायब होते. सभासदाच्या हातात पावत्या असतात, संगणकात मात्र काही नसते. मग वही काढून पावत्या जुळवत बसणे आले.

कोणती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका किरकोळ नाही. लिनक्स या संगणक प्रणालीच्या जगात त्यावर तीस वर्षांहून अधिक काळ नियम लिहिले जात आहेत आणि वादही सुरू आहेत. बँका, सरकारी संकेतस्थळे आणि अँड्रॉइड फोन यांच्या पोटात बहुतेक हीच प्रणाली किंवा तिचा गाभा असल्याने या वादाचा परिणाम सगळ्यांपर्यंत पोहोचतो.

नियम कोणता, नोंद कोणती?

माणसाने ठरवून लिहिलेली गोष्ट म्हणजे कॉन्फिगरेशन, रोजच्या भाषेत सेटिंग. प्रिंटर कोणता, घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर, कोणाला आत येऊ द्यायचे आणि कोणाला नाही, हे कोणी तरी ठरवलेले असते. यंत्राने काम करता करता स्वतःसाठी लक्षात ठेवलेली गोष्ट म्हणजे स्थिती, अर्थात ‘स्टेट’. शेवटची पावती कितव्या क्रमांकाची होती, कोणत्या ब्लूटूथ उपकरणाशी जोडी जमली आहे, किती पत्रे छपाईच्या रांगेत आहेत, हे कोणी ठरवत नाही. ते घडते आणि टिपले जाते.

या दोघांखेरीज आणखी तीन प्रकार आहेत. पुन्हा तयार करता येईल अशी साठवण म्हणजे कॅशे. काय काय घडले याची रोजनिशी म्हणजे लॉग. आणि संगणक चालू असेपर्यंतच अर्थ असणारी तात्पुरती माहिती. फोनच्या सेटिंगमध्ये एखाद्या अ‍ॅपपुढे ‘कॅशे पुसा’ आणि ‘डेटा पुसा’ अशी दोन बटणे असतात. पहिले दाबले तर अ‍ॅप थोडे मंद होऊन पुन्हा पूर्ववत चालते. दुसरे दाबले तर अ‍ॅप आपल्याला ओळखतही नाही. फरक कळण्यासाठी याहून सोपे उदाहरण नाही.

फाइल कोणत्या प्रकारची हे ठरवताना तिच्यात काय आहे यापेक्षा दोन प्रश्न अधिक उपयोगी पडतात. ती कोण लिहिते? आणि ती हरवली तर पुन्हा कशी मिळेल? दरपत्रक हरवले तर संघाकडून दुसरी प्रत आणता येते. मंगळवारच्या संध्याकाळच्या दुधाची नोंद हरवली तर ती जगात दुसरीकडे कुठेच नसते.

लिनक्समध्ये कोणाची जागा कुठे?

जुन्या युनिक्स प्रणालीत ‘ईटीसी’ नावाचा एक कप्पा होता. ‘इत्यादी’ अशा अर्थाचे हे नाव. दुसरीकडे कुठे बसत नाही ते सगळे तिथे टाकले जाई, अगदी काही प्रोग्रामसुद्धा. प्रत्येक घरात एक खण असतो तसा. लिनक्स लोकप्रिय होऊ लागल्यावर वेगवेगळ्या गटांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी होऊ लागली. त्यावर तोडगा म्हणून १४ फेब्रुवारी १९९४ रोजी फाइलींच्या मांडणीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. १९९७ मध्ये त्याला ‘फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड’ हे नाव मिळाले. त्याची ३.० ही आवृत्ती जून २०१५ मधली.

या मानकाने फाइलींना दोन कसोट्या लावल्या. ही फाइल दुसऱ्या संगणकाबरोबर वाटून घेता येते का? आणि ती आपणहून बदलते का? त्यातून जागा ठरल्या. ‘/ईटीसी’ मध्ये फक्त त्या संगणकाची सेटिंग, तीही स्थिर, तिथे प्रोग्राम ठेवायचा नाही. ‘/व्हार’ मध्ये बदलणारे सगळे. त्यातही ‘/व्हार/लिब’ मध्ये स्थिती, ‘/व्हार/कॅशे’ मध्ये पुन्हा बनवता येणारी साठवण, ‘/व्हार/लॉग’ मध्ये रोजनिशी आणि ‘/व्हार/स्पूल’ मध्ये रांगेत थांबलेली कामे. संगणक बंद होताच पुसली जाणारी माहिती ‘/रन’ मध्ये. हा शेवटचा कप्पा सर्वांत तरुण आहे. २०११ मध्ये तो फेडोरा या लिनक्समध्ये आला आणि २०१५ च्या मानकात शिरला. त्याआधी ही माहिती कुठे ठेवायची यावर प्रत्येक प्रोग्रामने आपापली पळवाट काढलेली होती.

सातबाऱ्याशी याचे काय साम्य?

महसुली दप्तराने ही विभागणी संगणकाच्या कितीतरी आधी केली. जमिनीच्या अधिकार अभिलेखाचे १९७१ चे नियम गावपातळीवर वेगवेगळे गाव नमुने ठेवायला सांगतात. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, बोजा असे जे जे घडते ते तिथे क्रमाने उतरते. नमुना सात म्हणजे आज जमीन कोणाची याची स्थिती. नमुना बारा पिकांचा, तो हंगामागणिक बदलतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून तो स्वतः भरू लागला. तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, ते फेरफार नोंदवतात. हरकतींसाठी १५ दिवस जातात. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर राहतो, त्यामुळे आजची स्थिती कोणत्या घटनेतून आली ते मागे जाऊन पाहता येते.

जतच्या बाबतीत हे वेगळेपण फार उपयोगी ठरले असणार, कारण वरची व्यवस्था इथे वारंवार बदलली. डफळे घराण्याचे जत संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये जत नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या तालुक्यासाठी पुढे संख येथे अप्पर तहसील कार्यालयही आले. संस्थान, प्रांत, जिल्हा, कार्यालय हे सारे वरून ठरणारे, म्हणजे नियमाच्या बाजूचे. बांधावरच्या माणसाची मालकी ही नोंदीच्या बाजूची. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून कोणाच्या जमिनीचा मालक बदलत नाही. जिल्ह्याचे नाव बदलताना प्रत्येक मालकी नव्याने लिहावी लागली असती तर काय गोंधळ झाला असता, याची कल्पना दप्तर हाताळलेल्या कोणालाही करता येईल.

नावामुळे फसगत कशी झाली?

स्थिती म्हणजे रोजनिशी नव्हे, हा धडा ‘पोस्टग्रेस’ या प्रसिद्ध डेटाबेसने आपल्या वापरकर्त्यांच्या नुकसानीतून घेतला. या डेटाबेसची पद्धत फेरफार वहीसारखी आहे. कोणताही बदल आधी एका क्रमवार फाइलीत उतरतो आणि नंतर मुख्य तक्त्यात जातो. मधेच वीज गेली तर संगणक सुरू झाल्यावर डेटाबेस ती क्रमवार फाइल वाचतो आणि अर्धवट राहिलेले काम पुरे करतो. भारनियमनाच्या गावात या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

या फाइलींच्या फोल्डरचे नाव होते ‘पीजी_एक्सलॉग’. नावात ‘लॉग’ असल्याने डिस्क भरली की काही जण जुने लॉग समजून ते फोल्डर रिकामे करत. डिस्कवर जागा होई आणि डेटाबेस मात्र उठत नसे, किंवा उठला तरी आतली माहिती विस्कटलेली असे. त्याच्या शेजारचे ‘पीजी_क्लॉग’ हे तर आणखी घातक, कारण कोणता व्यवहार पूर्ण झाला आणि कोणता रद्द याची खूण त्यात असते. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत दोन्ही नावे बदलून ‘पीजी_वाल’ आणि ‘पीजी_एक्सॲक्ट’ करण्यात आली. नाव बदलल्याने जगभरातल्या अनेक जुन्या स्क्रिप्ट मोडल्या. तरी ते केले गेले, कारण आतला एक शब्द माणसांना चुकीच्या कप्प्याकडे बोट दाखवत होता.

सीमेवरच्या फाइलींचे काय?

खरा वाद इथे आहे. सगळ्याच फाइली निमूटपणे एका बाजूला बसत नाहीत.

प्रिंटर सांभाळणाऱ्या ‘कप्स’ या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. प्रिंटरांची यादी ‘/ईटीसी’ मधल्या एका फाइलीत असते, ते योग्यच. पण प्रिंटर सध्या मोकळा आहे की थांबवलेला, आणि ही अवस्था कधीपासून, हेही त्याच फाइलीत लिहिले जाते. म्हणून फाइलीच्या माथ्यावरच सूचना असते की सॉफ्टवेअर चालू असताना या फाइलीत हात घालू नये. माणसासाठी राखलेल्या जागेत यंत्राने बिऱ्हाड केले आणि माणसालाच दारावर पाटी लावली, असा हा प्रकार. ही फाइल दुसऱ्या संगणकावर नेली तर पहिल्या ठिकाणी कागद अडकला म्हणून थांबवलेला प्रिंटर दुसऱ्या ठिकाणीही थांबलेलाच दिसू शकतो.

असाच इतिहास ‘एमटॅब’ नावाच्या फाइलीचा. कोणकोणत्या डिस्क सध्या जोडलेल्या आहेत याची यादी पूर्वी ‘/ईटीसी’ मध्ये लिहिली जाई. संगणक अचानक बंद पडला की यादी तशीच राही आणि काढून घेतलेली डिस्कही जोडलेली दिसे. आज ती फाइल म्हणजे केवळ एक खूण आहे, जी थेट प्रणालीच्या गाभ्याकडे विचारणा करते. इंटरनेटवरची नावे शोधण्यासाठी कोणाला विचारायचे हे सांगणारी ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही आणखी एक. एके काळी ती माणूस लिहीत असे. नंतर प्रत्येक नेटवर्क जोडताना यंत्रच ती लिहू लागले आणि माणसाने केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी नाहीशी होऊ लागली. उबंटूसारख्या प्रणालीत आता ‘/ईटीसी’ मध्ये तिची केवळ खूण असते, खरी फाइल ‘/रन’ मध्ये तयार होते.

वायफायचा पासवर्ड कोणत्या बाजूचा? तो माणूस टाइप करतो, म्हणून ‘नेटवर्क मॅनेजर’ तो ‘/ईटीसी’ मध्ये ठेवतो. वायफाय सध्या चालू ठेवले आहे की बंद, हे मात्र ‘/व्हार/लिब’ मध्ये जाते. दोन्ही गोष्टी माणसाच्या बोटाच्या स्पर्शानेच होतात. तरीही पहिली ‘हे असे असावे’ असे सांगते आणि दुसरी ‘आत्ता असे आहे’ एवढेच. ब्लूटूथ हेडफोनशी जमलेल्या जोडीच्या किल्ल्याही ‘/व्हार/लिब’ मध्ये असतात, कारण त्या दोन यंत्रांनी आपसांत ठरवलेल्या असतात. माणूस त्या लिहू शकत नाही आणि वाचून त्याला काही उपयोगही नाही.

पोस्टग्रेसने २०१४ च्या ९.४ आवृत्तीत डेटाबेसच्या आतूनच सेटिंग बदलण्याची आज्ञा दिली. आता ही सेटिंग लिहायची कुठे? माणसाच्या फाइलीत यंत्राने लिहायचे तर माणसाच्या टिपा आणि मांडणी बिघडणार. त्यामुळे यंत्राने लिहिलेली सेटिंग एका वेगळ्या फाइलीत, थेट डेटाच्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. तोडगा नीटस आहे, पण त्याने नवा त्रास झाला. ‘/ईटीसी’ मधली फाइल वाचून सेटिंग काय आहे ते सांगता येईना, कारण दुसरी फाइल तिच्यावर मात करत होती. अनेक सर्व्हरची सेटिंग एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्यांची ही तक्रार राहिली. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत ही आज्ञा बंद ठेवण्याची सोय मिळाली.

वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील वर्गवारीही अशीच उशिरा सुधारली. तिथे सेटिंग, डेटा आणि कॅशे यांना स्वतंत्र जागा होत्या, स्थितीला नव्हती. २०२१ मध्ये संबंधित नियमावलीत तिची भर पडली. तोवर खिडकी कुठे उघडी होती आणि शेवटची फाइल कोणती पाहिली, अशा नोंदी सेटिंगच्या फोल्डरमध्ये शिरलेल्या असत. सेटिंगची प्रत काढून दोन संगणकांवर एकसारखी ठेवणाऱ्यांना मग दररोज काही ना काही बदललेले दिसे आणि खरा बदल त्या गर्दीत हरवून जाई.

वेगळे ठेवून हाताला काय लागते?

सेटिंगची प्रत ती बदलल्यावर काढली तरी चालते. स्थितीची रोज, कधी तासातासाला काढावी लागते. सेटिंग नव्या संगणकावर जशीच्या तशी नेता येते. स्थिती नेताना तिचा मालक प्रोग्राम बंद तरी करावा लागतो किंवा त्याच्याच साधनाने प्रत काढावी लागते. चालू डेटाबेसचे फोल्डर नुसते कॉपी केले तर अर्ध्या क्षणाची फाटकी प्रत मिळते.

प्रणाली अद्ययावत करतानाही फरक पडतो. डेबियन या लिनक्सचा दंडक आहे की सेटिंग ‘/ईटीसी’ मध्येच असावी आणि माणसाने केलेला बदल अद्ययावत करताना पुसला जाऊ नये. नवी आवृत्ती आली आणि सेटिंगची फाइल माणसाने बदललेली असेल तर प्रणाली थांबून विचारते : तुमची ठेवू की आमची घेऊ? स्थितीच्या फाइलीबद्दल असा प्रश्न विचारण्यात अर्थच नाही. दोन्ही एकत्र असतील तर मात्र प्रश्न विचारताही येत नाही आणि टाळताही येत नाही.

अँड्रॉइड फोनचे ‘फॅक्टरी रीसेट’ याच विभागणीवर उभे आहे. प्रणालीचा भाग केवळ वाचता येईल असा ठेवलेला असतो आणि वापरकर्त्याचे सारे ‘डेटा’ या स्वतंत्र भागात जाते. रीसेट म्हणजे तो दुसरा भाग पुसणे. लिनक्समध्ये २०१७ पासून ‘सिस्टीमडी’ प्रत्येक सेवेला स्थिती, कॅशे, लॉग आणि सेटिंग यांच्यासाठी वेगवेगळे फोल्डर स्वतः करून देते. त्यामुळे सेवेला बाकी ठिकाणी लिहायला बंदी घालता येते. हल्लेखोर एखाद्या सेवेत शिरला तरी नियमाच्या फाइलीला हात लावू शकत नाही.

विंडोजवरच्या छोट्या सॉफ्टवेअरचे काय?

तालुक्याच्या ठिकाणी दूध संस्था, पतसंस्था, खत-औषधांची दुकाने इथले संगणक बहुधा विंडोजवर चालतात. तिथे जुन्या सॉफ्टवेअरची सवय अशी की प्रोग्राम, दरपत्रक आणि नोंदी असे सगळे ‘प्रोग्राम फाइल्स’ मधल्या एकाच फोल्डरमध्ये. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला तिथे लिहायला मनाई झाली. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक युक्ती केली. प्रोग्रामला वाटते की आपण तिथेच लिहीत आहोत, प्रत्यक्षात फाइल त्या वापरकर्त्याच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ या आडबाजूच्या फोल्डरमध्ये जाते.

परिणाम विचित्र होतात. एकाच संगणकावर सकाळी सचिवाने आपल्या खात्यातून आणि संध्याकाळी मदतनिसाने आपल्या खात्यातून नोंद केली तर दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या फाइलींत पडू शकतात. ‘प्रोग्राम फाइल्स’ मधले फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन प्रत निघाली असे मानणाऱ्याच्या हाती बसवल्या दिवसाची रिकामी फाइल येते. विंडोजमध्ये नोंदींसाठी ‘प्रोग्रामडेटा’ ही जागा आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला, नोंदी नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये जातात आणि दरपत्रक कोणत्या, हे विकत घेतानाच विचारता येते. काढलेली प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर चढवून कालची पावती दिसते का, हे पाहणे त्याहून खात्रीचे.

दर बदलला तर जुन्या पावतीचे काय?

नियम आणि नोंद वेगळे ठेवले तरी एक गाठ सुटत नाही. दहा दिवसांच्या बिलाच्या मध्यावर, समजा सहा तारखेला, दर बदलला. सॉफ्टवेअर केवळ लिटर, फॅट आणि एसएनएफ साठवत असेल आणि बिल काढताना दरपत्रकाकडे पाहत असेल, तर पहिल्या पाच दिवसांच्या दुधालाही नवा दर लागेल. पावती एक सांगेल, बिल दुसरे. दर वाढला तर संस्थेला तोटा, उतरला तर सभासदाला.

यावर दोन उपाय रूढ आहेत. एक, दरपत्रकाला ‘या तारखेपासून लागू’ अशी तारीख जोडून जुनी पत्रकेही जपून ठेवायची. दोन, प्रत्येक नोंदीतच त्या वेळी लागलेला दर लिहून टाकायचा. दुसऱ्या उपायात तोच आकडा शेकडो वेळा साठवला जातो. मात्र दरपत्रकाची फाइल हरवली, बदलली किंवा कोणी चुकून तिच्यावर दुसरी लिहिली, तरी सहा तारखेच्या आधीचे बिल सभासदाच्या हातातल्या पावतीशी जुळते.